किंग स्ट्रीटची राखणदारीण

लव्हेंडरचा वास आला की सारा आली असं समजायचं. इंग्लंडच्या पश्चिमेला ब्रिस्टल नावाचं बंदर आहे. त्या शहरातल्या किंग स्ट्रीटवर एक जुनं नाट्यगृह आहे, थिएटर रॉयल. आता सगळे त्याला ब्रिस्टल ओल्ड विक म्हणतात. तिथली ही समजूत. रात्री प्रयोग संपून दिवे मालवले की कुठूनसा तो वास येतो, थोडा रेंगाळतो आणि विरून जातो. कुणी म्हणतं काळ्या पोशाखातली बाई दिसली, कुणी म्हणतं दिसली नाही, पण कुणीतरी आपल्याकडे बघत होतं एवढं नक्की.

एका रखवालदाराची गोष्ट तर हमखास सांगितली जाते. रात्रपाळी, सोबत कुत्रा, फेरी चाललेली. अचानक लव्हेंडरचा दरवळ. कुत्रा जागीच थबकला, पाठीवरचे केस ताठ. आणि रखवालदाराच्या कानाशी एका बाईचा आवाज: चालता हो.

ही गोष्ट कळली तेव्हा मला भीतीपेक्षा गंमत वाटली, ती त्या सुराची. भूत विव्हळत नाही, पैंजण वाजवत नाही, सूडबिड मागत नाही. प्रयोग संपला, आता इथे काय काम आहे तुझं, असं विचारणाऱ्या माणसाचा तो आवाज आहे. नाटक कंपनीच्या मालकिणीचा.

इंग्लंडच्या जुन्या नाट्यगृहांना भूत असावंच लागतं, जसं आपल्याकडच्या जुन्या वाड्याला भुयार. शेजारच्या बाथ शहरातल्या थिएटर रॉयलमध्ये करड्या पोशाखातली बाई एका बॉक्समध्ये बसते, आणि ती येते ती जाईजुईच्या सुगंधासकट. यॉर्कचं नाट्यगृह मध्ययुगातल्या सेंट लेनर्ड्स इस्पितळाच्या जागेवर उभं आहे, म्हणून तिथे भिंतीत चिणलेली जोगीण. लंडनच्या ड्रुरी लेनमधला करडा पुरुष फक्त दुपारच्या खेळाला हजेरी लावतो, आणि तो दिसला तर नाटक चालणार असा शुभशकुन मानतात. निर्मात्यांना हवंहवंसं वाटणारं जगातलं हे एकमेव भूत असावं.

आपल्या भुतांचा बाज अगदी निराळा. मुंजा पिंपळावर, गिऱ्हा पाण्यात, हडळ उलट्या पावलांनी. सगळ्यांचं मूळ कुठल्यातरी अपुऱ्या राहिलेल्या गोष्टीत: मुंज झाली पण लग्न झालं नाही, बाळंतपणात गेली, वारस नव्हता. साराला या यादीत बसवायला मला जागा सापडेना. मग कोकणातला राखणदार आठवला. गावच्या वेशीवर, बागेत, पाणवठ्यावर त्याची वस्ती. तो भूत आहे की देव हे गावकऱ्यांनाही सांगता येत नाही, सांगायची गरजही पडत नाही. त्याचा मान त्याला द्यायचा, रात्री त्याच्या वाटेत आडवं यायचं नाही, आणि गाऱ्हाणं घालून आपल्या कामाला लागायचं. जागा त्याची, आपण येणारे-जाणारे. सारा मॅकरेडी ही किंग स्ट्रीटची अशी राखणदारीण आहे.

ही बाई खरी होऊन गेली. विल्यम मॅकरेडी नावाच्या नट-व्यवस्थापकाने १८१९मध्ये हे थिएटर चालवायला घेतलं. सारा ही त्याची दुसरी बायको, स्वतः नटी. तो १८२९मध्ये वारला. मधली काही वर्षं कारभार दुसऱ्याकडे गेला आणि १८३४मध्ये ही विधवा बाई थिएटर हाती घेऊन उभी राहिली. १८५३मध्ये मरेपर्यंत, म्हणजे एकोणीस वर्षं, तिने ते चालवलं.

एकोणीस वर्षं हा आकडा नाटकवाल्यांनाच कळेल. त्या काळी प्रांतातल्या थिएटरची स्वतःची मंडळी असे. एक नाटक महिनाभर चालवायची चैन नव्हती. प्रेक्षक तेच ते, म्हणून खेळ सतत बदलायचे. आज शोकांतिका, उद्या प्रहसन, नाताळात पँटोमाइम. मधूनच लंडनचा मोठा नट पाहुणा म्हणून यायचा. दोन-चार तालमींत मंडळींनी त्याच्याभोवती उभं राहायचं आणि गल्ल्यातला मोठा वाटा तो घेऊन जायचा. १८४१मध्ये लंडन ते ब्रिस्टल रेल्वे पुरी झाली. नट झटकन येऊ लागले, तसे पैसेवाले प्रेक्षक झटकन लंडनला जाऊ लागले. पगार, मेणबत्त्या, गॅस, पडदे, रुसवेफुगवे, हे सगळं साराच्या माथ्यावर.

ती हे करत होती त्याच काळात, ५ नोव्हेंबर १८४३ला, विष्णुदास भावे सांगलीत ‘सीतास्वयंवर’चा खेळ करत होते. आपल्या रंगभूमीची जन्मतारीख म्हणून ती आपल्याला पाठ असते. त्या खेळात सीता पुरुषच होता, आणि कंपनीची मालकीण बाई असणं ही कल्पना तर कुणाच्या स्वप्नातही नव्हती. इंग्लंडातही अशा बाया बोटांवर मोजण्याइतक्याच होत्या. साराचा सावत्र मुलगा विल्यम चार्ल्स मॅकरेडी हा त्या काळचा गाजलेला शोकनट. एवढा गाजलेला की १८४९मध्ये न्यूयॉर्कला त्याच्या मॅकबेथवरून आणि एका अमेरिकी नटाच्या मॅकबेथवरून दंगल पेटली, गोळीबार झाला, वीसहून अधिक माणसं मेली. नाट्यइतिहासाची पुस्तकं त्याच्याविषयी भरभरून लिहितात. थिएटर चालवणाऱ्या सावत्र आईच्या वाट्याला तळटीप. भूत होऊन मात्र तीच राहिली.

काही जण अजूनही म्हणतात की ही सारा ती नव्हे, ही सारा सिडन्स. इथे थोडं थांबायला हवं, कारण लोककथा नावावर नाव कसं चढवते याचा हा नमुना आहे.

सारा सिडन्स म्हणजे अठराव्या शतकातली इंग्लंडची सर्वांत मोठी शोकनटी. लंडनने पहिल्यांदा तिला नाकारलं, तेव्हा तिने बाथ आणि ब्रिस्टल या दोन गावांत स्वतःला घडवलं. ही दोन्ही थिएटरं तेव्हा एकाच माणसाच्या हाती होती, बाथच्या जॉन पामरच्या. एकाच मंडळींनी दोन गावं सांभाळायची म्हणजे नट आणि सामान सतत रस्त्यावर. पामरने वेगवान गाड्यांची घडी बसवली. मग त्याच्या डोक्यात आलं: नट एवढ्या लवकर पोचतात, तर सरकारी टपाल एवढं रखडत का जातं? २ ऑगस्ट १७८४ला ब्रिस्टलहून लंडनला पहिली टपालगाडी सुटली ती त्याच्या हट्टामुळे. एका देशाची टपालव्यवस्था नाटकवाल्याच्या धावपळीतून सुधारली, हे आपल्याकडच्या बसवाल्या नाट्यव्यवस्थापकांनी छातीठोकपणे सांगावं असं आहे.

सिडन्स १७८२मध्ये लंडनला गेली. जाताना बाथच्या रंगमंचावर तिने आपली मुलं आणून उभी केली आणि प्रेक्षकांना सांगितलं की मला जाणं भाग आहे त्याची ही कारणं. पोरांची पोटं भरायला निघालेली बाई ती. लोककथेने मात्र तिला एक प्रियकर चिकटवला. त्याने थिएटरात गळफास घेतला आणि तेव्हापासून ती त्याला शोधत काळ्या कपड्यांत फिरते, अशी ती कथा. सिडन्सच्या ज्ञात चरित्रात याला आधार सापडत नाही. पण नटी म्हटली की मागे प्रियकर हवा आणि प्रियकर म्हटला की गळफास हवा, हा हिशेब तिकडेही आहे आणि इकडेही. हिशेबाची कामं करणाऱ्या सारा मॅकरेडीला असली प्रेमकथा कुणी दिली नाही. तिला वास मिळाला.

आणि वास तरी लव्हेंडरचाच का? माझा तर्क असा. बंदराला लागून असलेली गल्ली, उन्हाळ्यात नदीचा चिखल, आत चरबीच्या मेणबत्त्या, पुढे गॅसचे दिवे, पिटमध्ये दाटीवाटीने बसलेली, पावसात भिजून आलेली माणसं. व्हिक्टोरियन बाईच्या रुमालाला लव्हेंडरचं पाणी असे ते हौसेपेक्षा गरज म्हणून. त्या वासाचा अर्थ प्रणय नव्हे. नाकाला रुमाल लावून खालपासून वर गॅलरीपर्यंत चक्कर मारणारी बाई, असा तो अर्थ आहे.

साराच्या कितीतरी आधी ही इमारतच लपूनछपून जन्माला आली. १७३७च्या कायद्यानुसार लंडनमधली दोन राजमान्य थिएटरं वगळता कुठेही पैसे घेऊन नाटक करणं गुन्हा होता. ब्रिस्टलमध्ये धर्मभीरू मंडळींचा नाटकाला विरोध. तरी शहरात पैसा खेळत होता आणि पैसेवाल्यांना थिएटर हवं होतं. पन्नासएक जणांनी प्रत्येकी पन्नास पौंड घातले. ड्रुरी लेनच्या धर्तीवर आराखडा झाला. १७६४मध्ये काम सुरू झालं ते किंग स्ट्रीटच्या घरांच्या मागे. रस्त्यावरून बघणाऱ्याला नुसती घरं दिसत. थिएटरात जायचं तर त्या घरांतल्या बोळातून.

३० मे १७६६ला पडदा उघडला. जाहिरातीत नाटक हा शब्द नव्हता. संगीताची मैफल आणि वक्तृत्वाचा नमुना, असं छापलं होतं. मैफलीच्या दोन भागांच्या मध्ये रिचर्ड स्टीलचं ‘द कॉन्शस लव्हर्स’ हे नाटक ‘फुकट’ दाखवलं. तिकीट मैफलीचं, नाटक वर बोनस. लंडनचा नामांकित नट डेव्हिड गॅरिक याने उद्घाटनासाठी खास प्रस्तावना लिहून दिली होती. बेकायदा खेळाला एवढा थाट! बारा वर्षांनी, १७७८मध्ये, राजाची सनद मिळाली आणि थिएटर ‘रॉयल’ झालं. चोरून लग्न करून पोरंबाळं झाल्यावर वाजतगाजत वरात काढावी, तसं.

भागधारकांना मोबदला म्हणून चांदीची तिकिटं दिली होती, नाण्यासारखी गोल. त्यावर कोरलेला हक्क फार मजेदार आहे: या घरात होणारा प्रत्येक प्रयोग पाहण्याचा. पाहण्याचा फक्त. बसायला जागा देण्याबद्दल त्यात अवाक्षर नाही.

आता ज्याच्यासाठी मी हे सगळं लिहायला बसलो ते सांगतो. थिएटरचं भूत कोण होतं हे ऐकताना, कोण होत नाही तेही विचारावं.

विल्यम पॉवेल. गॅरिक युरोपात फिरायला गेला असताना ड्रुरी लेनला एकाएकी चमकलेला तरुण नट, आणि ब्रिस्टलच्या या नव्या थिएटरच्या पहिल्या व्यवस्थापकांपैकी एक. जुलै १७६९मध्ये, ऐन हंगामात, थिएटरच्या लगतच्या घरात तो आजारी पडून गेला. वय चौतिशीच्या आतबाहेर. गावाने त्याला कॅथीड्रलमध्ये पुरलं. भूत व्हायला याहून चांगली पात्रता कुठली? तरुण, देखणा, लोकप्रिय, अकाली मरण, तेही मंचापासून हाकेच्या अंतरावर. तरी पॉवेलचं भूत नाही. कुणाला त्याचा वास येत नाही.

आणि ती पन्नास-पन्नास पौंडांची माणसं? ब्रिस्टलचा अठराव्या शतकातला पैसा म्हणजे साखर, तंबाखू, आणि माणसं. १६९८मध्ये गुलामांच्या व्यापारातली लंडनच्या एका कंपनीची मक्तेदारी उठल्यापासून १८०७मध्ये व्यापार बंद होईपर्यंत ब्रिस्टलच्या जहाजांनी पाच लाखांच्या आसपास आफ्रिकी माणसं गुलाम म्हणून अटलांटिकपार नेली. थिएटरला पैसा देणाऱ्यांत या व्यापारातले लोक होते, हे आज थिएटर स्वतःच मान्य करतं. ती जहाजं जिथे लागत ते धक्के किंग स्ट्रीटच्या टोकाला आहेत, चालत दोन मिनिटांवर. जवळच बंदरावर एक पादचारी पूल आहे. कॅरिबियनमधल्या नेव्हिस बेटावरून गुलाम म्हणून इथे आणलेल्या पेरो नावाच्या माणसाचं नाव त्याला १९९९मध्ये दिलं. गुलामांचा व्यापारी एडवर्ड कोल्स्टन याचा पुतळा ७ जून २०२०ला लोकांनी पाडून फरफटत नेला आणि त्याच पुलाजवळ पाण्यात ढकलला.

किंग स्ट्रीटच्या भूतकथांत मात्र यातलं कुणी नाही. त्याच रस्त्यावर १६६४चं लॅन्डोगर ट्रो नावाचं लाकडी बांध्याचं पब आहे. तिथे पंधरा भुतं असल्याचं सांगतात, पायाने अधू असलेला एक मुलगा त्यांतला विशेष प्रसिद्ध. पंधरा भुतं, आणि त्यांत जहाजाच्या तळाशी साखळदंडात आणलेलं एकही नाही. भूत व्हायलाही लोकांच्या आठवणीत जागा लागते, आणि ती जागा चांदीच्या तिकिटासारखी मोजक्यांनाच मिळते. साराला मिळाली ती कशी कोण जाणे. मला वाटतं, थिएटरच्या गोष्टी मागच्या दाराने येणारी माणसं सांगतात. सुतार, रंगपटातल्या बाया, रखवालदार. नटाला ते हंगामापुरते ओळखतात, मालकाला हाडीमासी. तिच्या धाकातली माणसं गेली, त्यांनी धाक पुढच्यांना देऊन ठेवला.

ब्रिस्टलला जाणारा भारतीय माणूस बहुधा आधी अर्नोस व्हेलच्या दफनभूमीत जातो. राजा राममोहन रॉय २७ सप्टेंबर १८३३ला या शहरात वारले. त्यांची समाधी तिथे आहे, द्वारकानाथ टागोरांनी बांधवलेली, छत्रीच्या आकाराची. सतीच्या चालीविरुद्ध उभा राहिलेला माणूस ज्या गावात गेला, त्याच गावात पुढच्याच वर्षी एका विधवेने थिएटरच्या किल्ल्या कमरेला लावल्या. दोन्ही गोष्टींचा एकमेकींशी काही संबंध नाही. मला मात्र त्या दोन तारखा शेजारी शेजारी दिसल्यापासून सोडत नाहीत.

साराच्या मागे तिचा जावई जेम्स चूट याने कारभार घेतला. त्याला जुनं घर अपुरं वाटलं असावं. १८६७मध्ये त्याने पार्क रोवर मोठं, दिमाखदार थिएटर बांधलं. पुढे ते प्रिन्सेस म्हणून नावारूपाला आलं. दोनच वर्षांनी नाताळाच्या दुसऱ्या दिवशी पँटोमाइमला एवढी गर्दी लोटली की दारातल्या चेंगराचेंगरीत माणसं मेली. खऱ्या मृत्यूंच्या हिशेबाने भुतं तिथे असायला हवी होती. किंग स्ट्रीटचं थिएटर मात्र उतरणीला लागलं. स्वस्त मेलोड्रामा, विनोदी खेळ, गळतं छप्पर. मग २४ नोव्हेंबर १९४०च्या रात्री जर्मन विमानांनी ब्रिस्टल भाजून काढलं. प्रिन्सेस जळून गेलं. अडगळीत पडलेलं म्हातारं थिएटर वाचलं.

वाचलं, पण दोनच वर्षांत लिलावाला आलं. गोदाम होणार अशी बोलवा होती. युद्ध चालू, शहर ढिगाऱ्याखाली, तरी गावातल्या लोकांनी निधी उभा करून ते विकत घेतलं. कलांना उत्तेजन देण्यासाठी युद्धकाळात नेमलेल्या सरकारी मंडळाने ते चालवायला घेतलं आणि १९४३मध्ये ते पुन्हा उघडलं. इंग्लंडमध्ये सरकारी आश्रयाने चाललेलं हे पहिलं थिएटर. ज्याच्या पहिल्या प्रयोगाला सरकारपासून लपावं लागलं, त्याला सरकारनेच हात दिला. १९४६मध्ये लंडनच्या ओल्ड विकच्या नावाने इथे कंपनी उभी राहिली, सोबत नाट्यशाळा. १९५४मध्ये इथे उन्हाळ्यात गंमत म्हणून केलेलं ‘सॅलड डेज’ हे संगीत नाटक लंडनमध्ये जाऊन एवढं चाललं की त्याच्या पैशातून नाट्यशाळेला स्वतःची वास्तू घेता आली.

बॉम्बने जे गेलं नाही ते सुधारणेने गेलं. १९७०च्या दशकाच्या सुरुवातीला नूतनीकरण झालं तेव्हा जुना रंगमंच आणि त्याखालची लाकडी यंत्रणा काढून टाकली. नव्या सोयी आल्या, प्रवेशासाठी शेजारच्या कूपर्स हॉलचा राजेशाही दर्शनी भाग मिळाला, बोळ संपला. प्रेक्षागृह वाचलं हे नशीब. नालेचा आकार, अंगावर येईल इतकं जवळ. आज त्यात पाचशेच्या आसपास माणसं बसतात. १८००मध्ये छत उचलून चढवलेल्या वरच्या गॅलरीत बसलं तर खालचा नट मुठीत घेता येईल असं वाटतं.

त्या छताच्या वर अजून एक गोष्ट टिकून आहे: मेघगर्जनेचा पन्हळ. लाकडी उतरते पाट. त्यांतून जड गोळे सोडायचे. गोळा गडगडत, वळण घेत, आदळत जातो आणि खाली बसलेल्या माणसाच्या डोक्यावरून वादळ जातं. ध्वनिमुद्रित गडगडाट कानाला ऐकू येतो. हा खुर्चीतून मणक्यात चढतो. २०१६मध्ये थिएटरच्या अडीचशे वर्षांनिमित्त टिमोथी वेस्ट इथे ‘किंग लिअर’ करत होते, तेव्हा ते पाट पुन्हा जागे केले.

अडीचशे वर्षांच्या लाकडी घरात छतावर गोळे फिरवायची सोय आहे, म्हटल्यावर रात्री वर पावलं वाजल्याचं कुणी सांगितलं तर मी वाद घालणार नाही. लाकूड दिवसभर माणसांच्या उबेने फुगतं आणि रात्री थंडीने आकसतं, तेव्हा कुरकुरतं. दारांच्या फटींतून बंदरावरचा वारा येतो. हे सगळं मला पटतं. लव्हेंडरचं उत्तर मात्र त्यात नाही. आणि खरं सांगायचं तर मला ते नकोच आहे. विंगेत शिरताना रंगभूमीला हात लावून कपाळाला लावणाऱ्या आपल्या नटाला कुणी रंगदेवतेचा पुरावा मागतं का? तिसरी घंटा होण्याआधीच्या त्या मिनिटात नारळ, उदबत्ती आणि पोटातला गोळा, तिन्ही सारखेच खरे असतात.

२००७मध्ये थिएटर बंद पडलं. पुन्हा गोदामाची नाही, तरी कायमच्या कुलुपाची भीती. दुरुस्ती होऊन २०१२मध्ये ते उघडलं आणि २०१८मध्ये पुढचा भाग नव्याने बांधला. आता किंग स्ट्रीटवरून उजेडाने भरलेलं उंच दालन दिसतं. लाकडी झडपांवर गॅरिकच्या त्या पहिल्या प्रस्तावनेची अक्षरं कोरली आहेत. आत कॉफी पीत उभं राहिलं की समोर १७६६च्या थिएटरची बाहेरची भिंत, जी अडीचशे वर्षं घरांमागे दडवली होती ती. दिवसभर कुणीही यावं, बसावं, तिकीट न काढता जावं, अशी व्यवस्था. विटांवरून हात फिरवणारे माझ्यासारखे लोकही असतात.

ही फुकटातली वर्दळ मालकिणीला कितपत पसंत असेल, शंका आहे. मी भिंतीजवळ बराच वेळ उभा होतो. कॉफीचा वास येत होता, ओल्या कोटांचा येत होता. प्रयोगाची घंटा झाली, लोक आत गेले. माझ्याकडे तिकीट नव्हतं. कुणी काही बोलायच्या आत मी निघालो.